व्हेजिटेबलमधलं गिळलेलं अक्षर

माझ्या मुलीला इंग्रजी येतं हे आमच्या सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त इंग्रजीला माहीत नव्हतं.

ती वर्ध्याला जाऊन बी.ए. झाली. नंतर नागपूरच्या एका कंपनीत फोनवर बोलायच्या नोकरीसाठी तिने अर्ज केला. बाहेरदेशची माणसं फोन करतात, त्यांना हॉटेलात खोल्या मिळवून द्यायच्या, असं काहीसं काम. परीक्षाही फोनवरच झाली. पलीकडच्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की शब्द बरोबर आहेत, वाक्यंही बरोबर आहेत, पण बोलणं सपाट आहे. ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाहीत. दिवाळीच्या आधी आणखी एकदा फोन करू, तोवर तयारी करा. त्यानंतर मात्र संधी नाही.

इतकी वर्षं शिकून मुलगी सपाट निघाली. मुलीच्या वडिलांना, म्हणजे यांना, हे ऐकून फार वाईट वाटलं नाही. उलट यांचं काम सोपं झालं.

"दिवाळीपर्यंत पाहू," हे म्हणाले, "नाई झालं, तर तळेगावचं स्थळ हाये."

तळेगावचं स्थळ म्हणजे किराणा दुकानवाले. मुलगा वाईट नव्हता, निदान फोटोत तरी. मुलाच्या आईने मध्यस्थामार्फत दोनच गोष्टी विचारल्या होत्या. पोळ्या येतात का, आणि मुलगी जास्त बोलत तर नाही ना. मध्यस्थ आमच्या घरी आला तेव्हा यांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "नाई जी, आमच्या घरच्या बाया बोलतच नाईत." आणि माझ्याकडे बोट केलं. मी नमुना म्हणून चहाचा ट्रे घेऊन उभीच होते.

सासूबाई छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसलेल्या होत्या. त्यांचा या हिशोबात समावेश नव्हता. त्या आमच्या घरच्या बाया नव्हत्या, त्या आमचं घर होत्या.

मुलीने वर्ध्याला क्लास लावला. बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर एक खोली, आणि बाहेर पाटी: फर्राटेदार इंग्रजी. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, कारण यांच्या मते मुलीने एकटीने माडी चढू नये. कॉलेजला ती तीन वर्षं एकटीच माड्या चढत होती, पण ते वेगळं. तिथे पाटी सरकारी होती.

सर पोरगेलेसे होते. ऑक्टोबरच्या उन्हात टाय बांधून पंख्याखाली उभे. मला मागच्या बाकावर पाहून म्हणाले, "मॅडम, तुमीबी जॉइन करा ना." मी माझ्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, तेव्हा ते दुसरीकडे वळले.

पण सर शिकवत होते ते मला समजलं. ते म्हणाले, मराठीत आपण प्रत्येक अक्षराला सारखं जेवू घालतो, पंगतीत वाढल्यासारखं. इंग्रजीत तसं नसतं. तिथे एका शब्दात एकच अक्षर जड असतं. ते जरा लांब म्हणायचं, ठसठशीत म्हणायचं. बाकीची तोंडातल्या तोंडात उरकायची. कोणतं अक्षर जड, याचा नेम नाही. टोमॅटोत मधलं, हॉटेलात शेवटचं, मॅनेजरमध्ये पहिलं. आपण भलत्याच अक्षरावर जोर दिला, किंवा सगळ्यांना सारखाच दिला, तर समोरच्या गोऱ्याला तो शब्द ओळखूच येत नाही.

मग त्यांनी फळ्यावर व्हेजिटेबल लिहिलं. आपण म्हणतो व्हे, जि, टे, बल. गोरा माणूस व्हेजवर बसतो, आणि पुढचं घाईत संपवतो. मधलं 'जि' तर पार गिळूनच टाकतो. तीन पिढ्या आम्ही भाजीपाला पिकवतो. आडतीवर माल टाकला की वजनात घट धरतात, हे माहीत होतं. खुद्द शब्दातही घट धरतात, हे त्या दिवशी समजलं.

मी बाकावर बसून विचार करत होते. एक जण जड, बाकीच्यांनी तोंडातल्या तोंडात बोलायचं. यात शिकवण्यासारखं काय आहे? हे तर आमचं घर आहे. सासूबाई म्हणजे 'व्हेज'. हे आणि माझी मुलगी म्हणजे शेवटची दोन, घाईत उरकलेली. आणि ते मधलं, जे लिहितात पण म्हणत नाहीत, ते मी.

तास संपता संपता सरांनी घरचा अभ्यास दिला. घरात ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही, अशा माणसाला समोर बसवा आणि शब्द म्हणून दाखवा. कुठे जोर आला ते त्याला विचारा. ज्याला इंग्रजी येतं तो अर्थ ऐकतो. ज्याला येत नाही तो नुसता आवाज ऐकतो. खरी परीक्षा त्याचीच.

वर्गातली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. कोणाचा भाऊ बारावी, कोणाची आई दहावी. माझी मुलगी मागे वळली आणि माझ्याकडे पाहून हसली. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि मी चौथीनंतर घरी बसले. म्हणजे अगदी दारातून परत आलेली. इतका कोरा कान सगळ्या वर्गात कोणाच्या घरी नव्हता. शिक्षणाचा उपयोग कधी ना कधी होतोच, म्हणतात ते खोटं नाही.

घरात सराव करणं शक्य नव्हतं. सासूबाईंच्या छपरीत सगळं ऐकू जातं, आणि ऐकू गेलं की त्याचं काहीतरी होतं. म्हणून आम्ही सकाळी वाडीत सराव करू लागलो. मी वांगी तोडायची, ती पलीकडच्या धुऱ्यावर, वाडीच्या बांधावर, उभी राहून शब्द म्हणायची. दुरून फक्त जड अक्षरच पोचतं, हलकी वाटेतच गळतात, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी समजलं. मला काही बोलायचं नव्हतं. पहिलं अक्षर जड वाटलं तर एक बोट, दुसरं वाटलं तर दोन, तिसरं वाटलं तर तीन. ती आपल्या मोबाइलमध्ये पाहून ताडून घ्यायची. माझ्यासारखीला याहून चांगली नोकरी कोण देणार होतं?

वाडीतल्या मालापासूनच सुरुवात केली. इंग्रजीतलं वांगं पहिल्यावर जड. कोबी पहिल्यावर. काकडीही पहिल्यावर, आणि मग उताराला लागल्यासारखी. टोमॅटो आणि बटाटा पोटात जड. जे आम्ही रोज पाटीत भरून डोक्यावर घेतो, त्याचं वजन नेमकं कुठे असतं, ते मला असं कळलं.

शेजारच्या वावरातली बाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली. तिने थोडा वेळ ऐकलं.

"तुही पोरगी काय करून राह्यली वो?"

"वानरं हाकलते," मी म्हटलं.

"इंग्रजीत?"

"मराठीतलं ऐकत नाईत आता."

तिने मान हलवली. तिच्या वावरातही वानरांचा त्रास होताच. आणि खरं सांगायचं तर वानरं त्या दिवसांत आमच्या वाडीकडे फिरकली नाहीत. पोटॅटोतल्या मधल्या अक्षराला ती फार भीत. इंग्रजीचा तेवढा तरी फायदा झाला, असं हे घरी सगळ्यांना सांगत.

महिनाभरात मुलीची सगळी अक्षरं माझ्या बोटांवर बरोबर येऊ लागली. मग एके संध्याकाळी सरांनी तिची फोनवर तालीम घेतली. कंपनीची बाई विचारेल तसं मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या, म्हणाले. मुलगी आतल्या खोलीत दार लावून बसली. मी बाहेर दाराला टेकून उभी.

तिने सुरुवात केली आणि हॉटेल हा शब्द आला. त्याचं शेवटचं अक्षर तिने असं म्हटलं, की अंगणात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

फोनमधून सरांचा आवाज मलाही ऐकू आला. ते आपलं फर्राटेदार विसरून घरच्या बोलीवर आले होते. "मॅडम, हळू बोला. माहा कान हाये हा, वावर नाई."

तिने आवाज खाली घेतला. आवाज खाली गेला तसा जोरही गेला. सगळं पुन्हा सपाट.

"आता काईच नाई समजून राह्यलं," सर म्हणाले. "स्ट्रेस म्हणजे चिल्लावणं नाई. वजन द्या, वजन."

"म्हणजे कसं, सर?"

"वजन म्हणजे..." सर थांबले. "वजन म्हणजे वजन." मग त्यांनी पुढच्या बॅचला ॲडव्हान्स कोर्स सुरू होत असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

झालं होतं असं, की धुऱ्यापर्यंत पोचायचं तर ओरडावं लागतं. ती ओरडायची, मी बोट वर करायची, आणि आम्हा दोघींना वाटायचं की इंग्रजी येऊन राह्यलं. प्रत्यक्षात आम्ही दोघींनी मिळून एका भाषेची आरोळी केली होती. फोनवर कोणी गिऱ्हाईक खोली मागेल आणि ही त्याला वानरासारखं हाकलून देईल, एवढी तयारी मात्र पक्की झाली होती.

कंपनीचा फोन येत्या शनिवारी सकाळी यायचा होता. हे कळल्यावर यांनी तळेगाववाल्यांना रविवारी बोलावलं. "नुसतं पाह्याले येऊन राह्यले," म्हणाले. यांचा मुलीवर किती विश्वास होता, ते त्या एका दिवसाच्या अंतरात दिसत होतं.

मुलगी क्लासला जायची थांबली नाही, पण बोलायची थांबली. नमुना होत चालली होती.

बुधवारी ती क्लासहून नेहमीपेक्षा जरा आधी घरी आली. सासूबाई छपरीत सांबार निवडत होत्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. मुलगी त्यांच्यापुढून जाऊ लागली, तशा सासूबाई काड्या मोडता मोडता म्हणाल्या, "आज लवकर आली, माय."

एवढंच. आवाज चढला नाही. उलट किंचित उतरलाच. पण त्या 'आज'वर बसल्या. डबक्यात म्हैस बसते तशा, हळूच आणि पुरत्या. बाकीचे शब्द कडेने वाहून गेले. रोज उशिरा येते, कुठे जाते कोणास ठाऊक, आईचं लक्ष नाही, बापाचा धाक नाही, हे सगळं त्या एका शब्दात आलं. मुलीची मान खाली गेली. माझी तर त्यांनी तोंड उघडायच्या आधीच गेलेली असते.

आणि मान खाली असतानाच माझ्या लक्षात आलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सासूबाईंचं वाक्य कधी ऐकतच नाही. त्या कोणत्या शब्दावर बसतात, तेवढंच ऐकते. "भाजी चांगली झाली" यात 'भाजी'वर बसल्या, तर पोळ्या बिघडल्या. 'झाली'वर बसल्या, तर चुकून झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही, हे त्या स्वतः नातेवाइकांना सांगतात, आणि ते खरं आहे. चढवायची गरजच काय? सरांना जे सांगता आलं नाही, ते आमच्या छपरीत रोज फुकट चालू होतं.

भांडी घासताना मी मुलीला म्हटलं, "आजीसारखी बोल."

"म्हंजे?"

"टोमणा मारल्यासारखी. ओरडू नको. हॉटेलले टोमणा मार."

तिने राखेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "हॉटेलनं काय केलं माहं?"

"काईच नाई. आपण तरी काय केलतं?"

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग तिथेच, नळाच्या आवाजाखाली, हळूच म्हणाली, हॉटेल. शेवटच्या अक्षरावर नुसती बसली. मी दोन बोटं वर केली. मग मॅनेजरला एक टोमणा. मग टोमॅटोला, पोटात. कुत्रं झोपलेलंच राहिलं.

त्यानंतरचे दोन दिवस सासूबाईंना जड गेले. मुलगी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसायची.

"आजी, मी नागपूरले गेली तर?"

"जाय ना. आमाले कोण इचारते."

मुलगी मांडीवर बोट टेकवायची, 'आमाले'वर. "आजी, पुन्हा म्हण बरं."

"काय म्हणू?"

"तेच. आमाले कोण इचारते."

सासूबाई तिच्याकडे संशयाने पाहायच्या. टोमणा खाल्ल्यावर माणसाने गप्प व्हावं, रडावं, उलट उत्तर द्यावं, हे त्यांना चालत होतं. पण कोणी तो आवडीने ऐकावा आणि पुन्हा मागून घ्यावा, असा अपमान त्यांचा उभ्या जन्मात झाला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तर त्यांनी नातीशी सरळच बोलायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "आजी ऐन वेळी दगा देऊन राह्यली."

शनिवारी फोन आला. त्या सकाळी मोबाइलला रेंज फक्त छपरीत, खाटेजवळ येत होती. त्यामुळे मुलगी सासूबाईंच्या पायथ्याशी बसली. हे पेपर धरून खुर्चीत. पान उलटत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात, तिला दिसेन अशी.

ती बोलू लागली. मला एक शब्दही समजत नव्हता, आणि सगळं समजत होतं. ती बसत होती आणि उठत होती. एखादा शब्द जड, मग चार हलके, मग पुन्हा एक जड. मध्ये पलीकडच्या बाईंचा आवाज बदलला, तावातावाने येऊ लागला. नंतर मुलीने सांगितलं की त्या भांडखोर गिऱ्हाईक झाल्या होत्या. खोली घाण आहे, मॅनेजरला बोलवा. मुलीचा आवाज चढला नाही. उलट किंचित उतरला. माझी बोटं पदराखाली आपोआप हलत होती. एक. दोन. एक. कुठे चूक सापडली नाही. म्हणजे मला सापडली नाही, पण माझा कान कोरा होता, त्याला सरांचं प्रमाणपत्र होतं.

फोन बंद झाला. मग सासूबाई पाय जवळ घेत म्हणाल्या, "काय बोलली थे तं मले नाई समजलं. पण कोणाले तरी लय टोमणे मारून राह्यली होती, एवढं समजलं."

मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. निकाल लागला होता. कंपनीचा मेसेज दुपारी आला, तो आपला रीतीप्रमाणे.

यांनी मेसेज दोनदा वाचून घेतला. पगाराचा आकडा आल्यावर चेहऱ्यात फरक पडला. पण तळेगाववाल्यांना नाही म्हणायचा धीर काही झाला नाही. "येऊन जातीन," म्हणाले, "चहा पिऊन जातीन."

ते रविवारी आले. मुलगा, त्याची आई, आणि मध्यस्थ. मी ट्रे घेऊन उभी राहिले. मुलाच्या आईने मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मुलीने सांगितलं. मग त्या बाईने यांना विचारलं, "सध्या काय करते?"

यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "बोलते जी. बोलाचीच नोकरी लागली तिले. दिवाळीनंतर नागपूरले."

"रोज?" मुलाच्या आईने विचारलं.

"रोज. आठ तास."

मुलाच्या आईने मध्यस्थाकडे पाहिलं. मध्यस्थाने छताकडे. मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला, कारण सुरुवातीला नमुना मीच होते. "नोकरी तं लग्नानंतर सोडताच येते म्हणा. दुकानात काई कमी नाई आमच्या. तुमाले काय वाटते, बाई? तुमी तं काईच बोलत नाई."

ट्रे माझ्या हातात होता. कप भरलेले होते. मला काय वाटतं, हे मला त्या घरात कोणी विचारलेलं आठवत नव्हतं. मी ट्रे पुढे केला.

"चहा घ्या," मी म्हटलं.

'चहा'वरून मी निघून गेले आणि 'घ्या'वर बसले. हळूच. जेवढं बसता येईल तेवढं.

त्यांनी कप उचलले. बशा वाजल्या. चहा फारच लवकर संपला. गरम होता, तरी. मध्यस्थाला तळेगावकडची बस आठवली आणि पुढच्या थोड्या वेळात छपरीसमोरच्या चपला कमी झाल्या.

मुलगी आत हसू दाबायला तोंडाला पदर लावून बसली होती, माझाच पदर, दोरीवरचा. यांनी पेपर उघडला आणि या वेळी पान उलटलं. मी रिकामे कप गोळा करत होते. सासूबाई खाटेवरून माझ्याकडे पाहत होत्या. मी सवयीने मान खाली घातली आणि कान पुढे केला, कुठे बसतात ते ऐकायला.

"आज बोलली वो तू," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. 'आज'वर नव्हतं. 'बोलली'वर नव्हतं. 'तू'वरही नव्हतं. पंगतीत वाढल्यासारखं सगळ्यांना सारखं होतं. कंपनीच्या बाईंनी सासूबाईंना नापासच केलं असतं, इतकं ते सपाट होतं.